तिजोरीतील तूट कोणाच्या माथी?

राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला, की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून दोन याद्या हमखास छापून येतात : काय महागले आणि काय स्वस्त झाले. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून या याद्या आखूड झाल्या असल्या, तरी वाचकांची सवय कायम आहे. मात्र तूट भरून काढण्यासाठी सरकार जे खरे निर्णय घेते, त्यांपैकी फारच थोडे या याद्यांत सापडतात. उरलेले निर्णय वर्षभर वित्त विभागाच्या परिपत्रकांतून, रोखून धरलेल्या निधीतून आणि लांबणीवर पडलेल्या देयकांतून होत राहतात. त्यांचे परिणाम पाहायचे तर मंत्रालयापेक्षा रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके अधिक उपयोगी ठरतात. येथे खाडीकाठची भातशेती आहे, धरण आणि कालवे आहेत, रासायनिक कारखाने आहेत. नगरपरिषदा, एसटीची आगारे आणि आदिवासी वाड्याही आहेत. राज्याच्या जमाखर्चाची जवळजवळ प्रत्येक बाजू या टापूत पाहायला मिळते.

तुटीचे दोन अर्थ

‘तूट’ हा शब्द सरसकट वापरला जात असला, तरी त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत. वित्तमंत्री अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी सादर केलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये, तर महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये अंदाजण्यात आला होता. या दोहोंतील ४५ हजार ८९१ कोटी रुपयांचा फरक ही महसुली तूट. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा नेहमीच्या खर्चालाही नेहमीचे उत्पन्न पुरत नाही, असा तिचा अर्थ. त्यात धरणे, रस्ते, इमारती यांवरचा भांडवली खर्च मिळवून एकंदर किती कर्ज काढावे लागेल याचा हिशेब केला, की राजकोषीय तूट मिळते. ती १ लाख ३६ हजार २३५ कोटी रुपये दाखविण्यात आली होती. घर बांधण्यासाठी कर्ज काढणे वेगळे आणि किराणा भरण्यासाठी उसनवारी करणे वेगळे. त्या वर्षीच्या अंदाजात काढावयाच्या कर्जाचा सुमारे तिसरा हिस्सा दुसऱ्या प्रकारात मोडणारा होता.

हे चित्र अर्थसंकल्पाच्या दिवसाचे. त्यानंतर पुरवणी मागण्या येतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७ हजार ५०० कोटी रुपयांच्या, तर डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात ७५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडण्यात आल्या. ही सारीच रक्कम नवा बोजा नसते. त्यात हिशेबाच्या जुळवाजुळवीचाही भाग असतो. तरीही मार्चमध्ये मांडलेला ताळेबंद डिसेंबरपर्यंत बराच बदललेला असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

खर्चाची बाजू सहजासहजी आटोक्यात येत नाही, याचे कारण तिच्या रचनेत आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबीच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग घेतात. या रकमा टाळता येत नाहीत. त्यात जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसारख्या थेट लाभाच्या योजनांची भर पडली. दरमहा १ हजार ५०० रुपयांच्या या योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. पैसे दरमहा खात्यात जमा होणार असल्याने हा खर्चही व्यवहारात टाळता न येणारा ठरतो. साहजिकच, हात आखडता घ्यायचा तो उरलेल्या भागातच.

नोटा न छापणारे सरकार

केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांच्यात येथे मूलभूत फरक आहे. राज्याला चलन काढण्याचा अधिकार नाही. राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार राज्याला देशातच कर्ज उभारता येते आणि केंद्राचे जुने कर्ज अंगावर असेल, तर नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. त्याशिवाय महाराष्ट्राने २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करून स्वतःवर मर्यादा घालून घेतली. स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत राजकोषीय तूट ठेवणे, हा या शिस्तीचा रूढ मापदंड झाला आहे.

अल्पकाळची चणचण भागविण्यासाठी रिझर्व्ह बँक राज्यांना उचल देते. ही उचल तीन महिन्यांत फेडावी लागते. उचलीची मर्यादा ओलांडून खाते सलग १४ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ ओव्हरड्राफ्टमध्ये राहिले, तर बँक राज्याच्या वतीने रकमा देणे थांबवू शकते. या संस्थेशी रोह्याचे जुने नाते आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळातील केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी कौटुंबिक संबंध होते आणि लोकसभेत ते तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघाचे, म्हणजे आजच्या रायगडचे, प्रतिनिधित्व करीत होते.

अमेरिकेत ही चौकट आणखी आवळलेली आहे. तेथील जवळजवळ सर्व राज्यांना आपला चालू अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे. त्यामुळे मंदी आली, की कर वाढवा किंवा खर्च कापा, असा सरळ प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. २००९ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियाला तोही वेळेवर सोडविता आला नाही. तेव्हा त्या राज्याने अनेक देणेकऱ्यांना रोख रकमेऐवजी ‘नंतर देऊ’ अशा वचनचिठ्ठ्या दिल्या. महाराष्ट्रात अशी चिठ्ठी कोणी देत नाही. येथे देयक कार्यालयात पडून राहते. केलेल्या कामांचे पैसे मिळावेत, म्हणून राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये आंदोलने केली, ती याच कारणाने. वचनचिठ्ठीवर निदान रक्कम आणि तारीख असते; पडून राहिलेल्या देयकावर तारीख नसते.

कर वाढवायचा, पण कोणता?

तुटीवरचा पहिला उपाय म्हणजे करवाढ. मात्र राज्याच्या हाती स्वतंत्रपणे वाढविता येतील असे कर थोडेच उरले आहेत. १ जुलै २०१७ पासून मूल्यवर्धित कराचा मोठा भाग, जकात, करमणूक कर इत्यादी वस्तू व सेवा करात विलीन झाले. त्याचे दर वस्तू व सेवा कर परिषद ठरविते. पहिली पाच वर्षे राज्यांना वार्षिक १४ टक्के वाढ गृहीत धरून भरपाई मिळत होती. जून २०२२ मध्ये ती मुदत संपली.

या बदलाचा एक परिणाम रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीवरून समजून घेता येतो. तेथे तयार झालेले रसायन पूर्वी गुजरातमधील कारखान्याला विकले गेले, तर त्यावरचा केंद्रीय विक्रीकर माल जेथून निघाला त्या महाराष्ट्राला मिळत असे. नव्या व्यवस्थेत कर माल जेथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो. कारखान्याचा धूर, सांडपाणी आणि मालमोटारींची वर्दळ रोह्यात राहते. राज्याचा कराचा हिस्सा मात्र मालाबरोबर प्रवास करतो. महाराष्ट्रात खपही मोठा असल्याने राज्याचे एकूण नुकसान होतेच असे नाही. पण उत्पादन वाढले म्हणजे तिजोरी आपोआप भरेल, हे जुने समीकरण आता सरळ राहिलेले नाही.

राज्याच्या हाती उरले ते पेट्रोल-डिझेल, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. त्यांपैकी व्यवसाय कराची कथा बोलकी आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करावा, म्हणून महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला. शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामासाठी थोडा भार उचलावा, असा तो उघड व्यवहार होता. घटनेने या कराला माणशी वर्षाला २ हजार ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून तशीच आहे. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची वजावट दिसते, तिचे मूळ याच मर्यादेत आहे. किंमती अनेक पटींनी वाढल्या, पगार वाढले. कर मात्र तेथेच थांबला.

म्हणून अडचणीच्या काळात सरकारचा हात पहिल्यांदा इंधनाकडे जातो. १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळ निवारणाच्या नावाने पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा भार टाकण्यात आला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी अधिभार त्याबरोबर ओसरला नाही. उलट दिशेचा निर्णयही तितकाच खर्चिक असतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची करकपात केली, तेव्हा तिजोरीवर सुमारे ६ हजार कोटी रुपयांचा भार पडेल असे सांगण्यात आले. इंधनावरचा कर वसूल करण्यास सोपा, पण तो श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही. पेणजवळच्या हमरापूर आणि जोहे येथील कारखान्यांतून गणेशमूर्ती घेऊन मुंबईकडे निघालेल्या टेम्पोच्या भाड्यात तो असतो आणि रोह्याच्या बाजारात येणाऱ्या भाजीतही असतो.

मद्यावरचा कर वाढविल्यास सहसा कोणी मोर्चा काढीत नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींपर्यंत नेण्यास मान्यता दिली आणि त्यासह अन्य उपायांतून १४ हजार कोटी रुपयांची वाढीव जमा अपेक्षित धरली. मात्र लोकांच्या पिण्यावर महसूल अवलंबून असलेल्या सरकारला दारूबंदीची भाषा जपूनच वापरावी लागते, हाही त्याचा एक परिणाम.

मुद्रांक शुल्काबाबत पेणचे महत्त्व गेल्या काही वर्षांत वाढले आहे. नवी मुंबईचा विस्तार, विमानतळ आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांमुळे या तालुक्यातील जमिनीला मागणी आली. १ एप्रिल २०२५ पासून मुंबई वगळता राज्यातील वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढविण्यात आले. मुद्रांकाचा दर तोच ठेवूनही अशा प्रकारे कर वाढतो. अर्थसंकल्पीय भाषणात त्याचा उल्लेखही करावा लागत नाही. याच शुल्काने एक उलटा धडाही दिला आहे. टाळेबंदीनंतर महसूल आटलेला असताना सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी करण्यात आले. दस्तनोंदणी मोठ्या प्रमाणात वाढली. तुटीच्या काळात कर कमी करूनही व्यवहारांना चालना देता येते. पण असा उपाय प्रत्येक कराला लागू पडत नाही आणि फार काळ चालत नाही.

कागदावरची कपात

दुसरा मार्ग खर्चकपातीचा. महाराष्ट्रात तो नवा नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग झाला. गेल्या वर्षी खर्च होता म्हणून यंदाही तो धरायचा, ही पद्धत मोडून प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने सिद्ध करावी, अशी ती कल्पना होती. तत्त्व उत्तम होते. परंतु प्रत्येक योजनेमागे कर्मचारी, लाभार्थी आणि लोकप्रतिनिधी उभे असतात, त्यामुळे तिचे व्यवहारातील आयुष्य थोडेच ठरले.

सर्वांत मोठी उघड कपात करोनाच्या साथीत झाली. मार्च २०२० चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय घेताना ‘ड’ वर्गाच्या कर्मचाऱ्यांना वगळण्यात आले आणि वरच्या वर्गांना पहिल्या टप्प्यात कमी हिस्सा देण्यात आला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने तर २०२०-२१ च्या विकासकामांच्या तरतुदींपैकी केवळ ३३ टक्के निधी वापरण्याची मुभा दिली, नवी कामे आणि नवी नोकरभरती थांबविली. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन अशा विभागांना प्राधान्य मिळाले. या निर्णयावर टीका झाली. पण काय कापले, किती कापले आणि कोणाला वाचविले हे त्यात लिहिलेले होते. प्रश्न विचारण्यासाठी नागरिकाच्या हाती कागद होता.

न सांगता होणारी कपात

खरी अडचण तिसऱ्या मार्गाची आहे. तो ना कराचा, ना कपातीचा; तो लांबणीचा. अर्थसंकल्पात तरतूद दिसते, पण तरतूद म्हणजे पैसा नव्हे. वित्त विभागाने ती रक्कम अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर, म्हणजे कार्यालयीन बोलीत ‘बीडीएसवर’, टाकल्याशिवाय ती खर्च करता येत नाही. निधी उशिरा आला, की काम पावसाळ्यापलीकडे जाते. मार्चअखेरीस आला, तर घाईत खर्चतो किंवा परत जातो. अनेक कामांना एकाच वेळी प्रशासकीय मान्यता देऊन प्रत्येकासाठी लाक्षणिक तरतूद करणे, हा याच मार्गाचा दुसरा प्रकार. सर्व कामे सुरू दिसतात. पूर्ण होणारी थोडी.

पेण तालुक्यातील हेटवणे प्रकल्प या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सहा हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र ओलिताखाली आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. धरण झाले आणि त्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईला मिळू लागले. शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. शहराच्या पाण्यामागे पैसे देणारी संस्था होती, शेताच्या पाण्यामागे वार्षिक तरतूद होती. दोहोंच्या वेगातील फरकाचे हे एक मोठे कारण.

त्या अपुऱ्या कालव्यांची किंमत केवळ न पिकलेल्या दुसऱ्या पिकात मोजता येत नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा आपली जमीन हेटवण्याच्या लाभक्षेत्रात असल्याचा मुद्दा शेतकऱ्यांनी लावून धरला. २१ सप्टेंबर २००८ रोजी या लाभक्षेत्रातील २२ गावांचे जनमत जिल्हा प्रशासनाने अजमावले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. ज्या जमिनीला पाणी मिळायला हवे होते, ती कोरडवाहूच राहिली आणि कोरडवाहू जमिनीचा मालक वाटाघाटीत दुबळा ठरतो. रखडलेला कालवा हा अशा प्रकारे शेतकऱ्यावर बसलेला करच असतो. फक्त त्याची पावती मिळत नाही.

खाडीकाठच्या खारबांधांची स्थिती याहून नाजूक आहे. धरमतर खाडीलगतच्या पेण तालुक्यातील वाशी, वढाव, दादर या पट्ट्यात समुद्राचे पाणी अडविणाऱ्या मातीच्या बांधांवर भातशेती तगून आहे. रायगडच्या खाडीकाठी पूर्वी गावकरी ‘जोळ’ पद्धतीने एकत्र येऊन बांधांची निगा राखीत. १९४८ चा आणि पुढे १९७९ चा खारभूमीविषयक कायदा झाल्यावर ही जबाबदारी उत्तरोत्तर शासनाकडे आली. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, तर खारे पाणी शेतात शिरून त्या हंगामाबरोबर पुढचे हंगामही नासवते.

येथे सरकारी हिशेबाची एक खुबी ध्यानात घ्यावी लागते. नवा बांध घालणे हा भांडवली खर्च. असलेल्या बांधाची डागडुजी हा प्रामुख्याने महसुली खर्च. महसुली तूट कमी दाखवायची असेल, तर वेतनाला आणि व्याजाला हात लावता येत नाही. देखभाल मात्र कापता येते. तिचे उद्‍घाटन होत नाही, म्हणून ती कापल्याची बातमीही होत नाही. पुढे बांध फुटतो, पंचनामे होतात, नुकसानभरपाई द्यावी लागते आणि अखेरीस नव्या बांधाचे अंदाजपत्रक तयार होते. वाचविलेला पैसा अनेक पटींनी बाहेर पडतो, पण तो वेगळ्या वर्षात आणि वेगळ्या लेखाशीर्षाखाली असल्याने दोहोंचा मेळ कोणी घालीत नाही.

निधीची फिरवाफिरव हाही याच वर्गातला उपाय. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळविण्यात आल्यावर संबंधित खात्याच्या मंत्र्यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे आणि या दोन्ही तालुक्यांत कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. लाभार्थी महिलांत आदिवासी महिलाही असतात, हे सरकारी समर्थन खोटे नाही. परंतु आश्रमशाळा, वसतिगृहे आणि वाडीचा रस्ता यांसाठी राखून ठेवलेला पैसा आणि सर्वांना समान मिळणारा हप्ता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्याच्या वहीत नोंद

चौथा मार्ग म्हणजे भार दुसऱ्या संस्थेच्या वहीत लिहिणे. एसटी महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय पेणजवळ रामवाडीला आहे; पेण आणि रोहा येथे आगारे आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. सवलतीची घोषणा सरकारची, बस महामंडळाची. त्यामुळे फरकाची रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची असते. ही रक्कम कमी आली, तर तूट राज्याच्या ताळेबंदातून उठून महामंडळाच्या ताळेबंदात जाऊन बसते. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांना मार्चच्या वेतनाचा प्रारंभी ५६ टक्केच भाग मिळाला, तो सरकारकडून अपुरी रक्कम आल्यामुळे. त्याआधी २५ जानेवारी २०२५ पासून तिकीटदर १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. ही दरवाढ कोणत्याही अर्थसंकल्पात कर म्हणून नोंदली गेली नाही. रोहा-अलिबाग मार्गावरच्या प्रवाशाच्या खिशातून मात्र ती गेली.

नगरपरिषदांचेही तसेच. जकात हे त्यांचे हक्काचे उत्पन्न होते. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. व्यापाऱ्यांची नाक्यावरची अडवणूक संपली, हे चांगलेच झाले; पण पेण आणि रोहा-अष्टमी यांसारख्या नगरपरिषदा त्यामुळे मुंबईकडे डोळे लावून बसू लागल्या. अनुदान लांबले, की गावातली कामे लांबतात किंवा घरपट्टी-पाणीपट्टी वाढविण्याची अप्रिय वेळ स्थानिक सदस्यांवर येते.

अर्थसंकल्पाबाहेरचे कर्ज नेहमी वाईटच असते, असेही नाही. ज्या कोकण रेल्वेचा आरंभबिंदू रोहा आहे, ती अशाच रचनेतून उभी राहिली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि केरळ व गोव्याचे प्रत्येकी ६ टक्के भागभांडवल होते. उरलेला बराच पैसा रोख्यांतून उभारला गेला. आठ वर्षांत, २६ जानेवारी १९९८ पर्यंत, मार्ग पूर्ण झाला. कर्जफेडीचा भार महामंडळाला पुढे दीर्घकाळ वाहावा लागला, हे खरे. पण कर्ज दिसत होते आणि त्यातून उभा राहिलेला मार्गही दिसत होता. नव्वदच्या दशकात पाटबंधारे महामंडळेही रोख्यांच्या वाटेने गेली. तेथे कर्ज दिसले, कालवे मात्र सर्वत्र दिसले नाहीत. फरक कर्जाच्या मार्गात नव्हता. एकाच कामाला पुरेसा पैसा बांधून दिला की शंभर कामांत वाटला, यात होता.

नागरिकाने काय पाहावे?

कर वाढवावा की खर्च कापावा, या वादाला एकच उत्तर नाही. मंदीच्या वर्षी कपात केली, तर मंदी अधिक खोल होते. कर वाढविला, तर तो कोणावर बसतो हे पाहावे लागते. परंतु या दोन्ही मार्गांत एक गुण आहे : ते विधिमंडळात मांडावे लागतात, त्यांवर चर्चा होते आणि निवडणुकीत त्यांचा जाब विचारता येतो. लांबणीच्या मार्गाला हे काहीच लागू होत नाही. म्हणूनच तो प्रत्येक पक्षाच्या सरकारला सोयीचा वाटत आला आहे.

हा मार्ग ओळखण्याची साधने मात्र उपलब्ध आहेत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत चालू वर्षाच्या अंदाजाशेजारी मागील वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दिलेला असतो. भाषणातील आकड्यापेक्षा या तीन स्तंभांतील फरक अधिक काही सांगून जातो. महालेखापालांकडून तयार होणाऱ्या वित्तीय लेख्यांत अपूर्ण भांडवली कामांची यादी जोडलेली असते. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा हाती येईपर्यंत दोन वर्षे उलटतात, ही त्यातील उणीव. यंदा कोणती कामे निधीअभावी थांबली आणि ती पूर्ण करण्यास आणखी किती पैसा लागेल, हे तालुकावार सांगणारे एखादे पान अर्थसंकल्पासोबत जोडण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण इतकीच, की ते पान छापले तर नव्या घोषणांचे पान आखूड करावे लागेल.

तूट ही काही पापाची खूण नव्हे. दुष्काळ, पूर, साथ अशा वर्षी सरकारने कर्ज काढून लोकांना सावरलेच पाहिजे. आक्षेप घ्यायचा तो तूट भरून निघाल्याच्या आभासाला. धरमतरच्या खाडीतील भरती वित्तीय वर्ष पाहून येत नाही. मार्चमध्ये न झालेल्या दुरुस्तीचा हिशेब ती जूननंतरच्या पहिल्या मोठ्या उधाणात चुकता करून घेते, आणि तो देण्यासाठी तेव्हा मंत्रालयातील कोणी नव्हे, तर बांधाआतला शेतकरी उभा असतो.